लहान शिडाची नौका महासागरास पुरी पडेल काय?

मोठ्या समुद्रात मोठे जहाजच टिकते, लहान होडीने किनाऱ्याची संगत सोडू नये, असा समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. गोडादऱ्यासारख्या वस्तीत तर तो अधिकच स्वाभाविक होय. येथील पुष्कळशी मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंकडून आलेली. ज्या तापीचे पाणी त्यांनी गावाकडे पाहिले, तीच तापी सुरत ओलांडून पुढे समुद्रास मिळते. परंतु खुद्द समुद्राशी त्यांचा संबंध डुमसच्या सहलीपुरताच येतो. आमच्या घरची भाषा कोंकणी असल्यामुळे नाळ, पठाण, नीरम, तांडेल हे शब्द आमच्या कानांना परके नाहीत. प्रस्तुत लेखात ते जेथे येतील तेथे त्यांचा अर्थ सांगू.

वरील समज कितपत खरा आहे? १९१२ साली बुडालेली 'टायटॅनिक' सुमारे २६९ मीटर लांबीची होती. उलट 'सुहेली' ही शिडाची नौका अवघी ३२ फुटांची. ती मुंबईत, १९६० नंतरच्या काही वर्षांत, सागवानाची बांधली गेली. सुतारांनी वाकसाने लाकूड तासले आणि दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडली. आखाती अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्यास 'सुहेली' म्हणत, त्यावरून हे नाव. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी होते. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटे निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, त्याच बंदरात परतले. एकट्याने, न थांबता केलेली ती जगातील पहिली प्रदक्षिणा होय. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. प्रवास पुरा केला तो सुहेलीने एकटीने.

तेव्हा लांबी हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. मग पुरावा कोणता? नौका कधीच उलटणार नाही अशी हमी महासागरात कोणासच देता येत नाही. एखादी लाट फुटत येऊन नौकेच्या कुशीवर आदळली आणि त्या लाटेची उंची नौकेच्या रुंदीपेक्षा जास्त असली, तर उत्तम नौकाही आडवी होते, प्रसंगी पूर्ण उलटते. म्हणून 'ही उलटेल काय?' हा प्रश्न अपुरा आहे. उलटल्यावर ती आपोआप सरळ होईल काय, तोपर्यंत तिच्या पोटात पाणी शिरणार नाही काय, आणि सरळ झाल्यावर तिच्यातील माणूस पुढे काही करण्याच्या स्थितीत राहील काय, हे तीन प्रश्न खरे महत्त्वाचे.

पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे आणि त्याचे उत्तर घरच्या बादलीत पाहता येते. बूच असलेल्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत तळाशी मूठभर वाळू घालावी, दुसरी रिकामी ठेवावी. दोहोंची बुचे लावून त्या पाण्यात सोडाव्यात. रिकामी बाटली आडवी लोळते व जशी ढकलाल तशी पडून राहते. वाळूची बाटली मात्र बोटाने पालथी केली तरी बोट काढताच उभी राहते. नौकेच्या पठाणाखाली, म्हणजे तिच्या तळाच्या मुख्य कण्याखाली, शिसे किंवा लोखंड बसवतात ते याचसाठी. जुनी गलबते पोटात दगड भरीत. त्या भारास नीरम म्हणत. पण सुटे नीरम नौका कलताच एका अंगास घसरते आणि वाचवण्याऐवजी बुडवते. म्हणून महासागरी नौकेत तो भार कण्याशी भक्कम बोल्टांनी जखडलेला असतो.

याचे कारण असे. नौकेचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. तिने बाजूस सारलेल्या पाण्याचे उत्प्लावक बल त्या पाण्याच्या आकाराच्या मध्यातून वर ढकलते. नौका सरळ असताना दोन्ही बले एकाच उभ्या रेषेत असतात. ती कलली की पाण्याखालचा आकार बदलतो, वर ढकलणारे बल कललेल्या बाजूकडे सरकते, आणि या दोन बलांची जोडी तिला पुन्हा सरळ करू पाहते. कल वाढत गेला की हा जोर प्रथम वाढतो, मग कमी होतो आणि एका विशिष्ट कोनास शून्य होतो. त्या कोनाच्या पलीकडे तीच बले नौकेस पालथी करण्याच्या कामी लागतात. डोलकाठी पाण्याला टेकली म्हणजे कल ९० अंश झाला. महासागरात जाणाऱ्या लहान नौकेचा हा शून्याचा कोन सुमारे १२० अंशांपेक्षा कमी नसावा असे जाणकार सामान्यतः मानतात. कोन जितका मोठा, तितकी तिची पालथी राहण्याची शक्यता कमी. पुढची एखादी लाटच तिला सरळ करून टाकते.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रुंद, उथळ नौका बंदरात पाय ठेवताच अतिशय स्थिर वाटते. अरुंद व खोल नौका पाय ठेवताच हलते, आणि नवखा मनुष्य पहिलीस पसंती देतो. परंतु पाण्यात पसरट थाळी सोडून पाहावी. ती सुलटी जितकी स्थिर तरंगते, तितकीच तळाची बाजू वर करून तरंगणारी फळीही स्थिर असते. रुंद नौका उलटण्यास नाखूष असते हे खरे, पण एकदा उलटली की पुन्हा सरळ होण्यासही ती तेवढीच नाखूष असते. दोन-तीन तळ जोडलेल्या नौकांचे तर हेच मुख्य वैगुण्य होय. त्यांचा वेग कितीही असो.

ही रुंदी कोठवर चालेल, हे अजमावण्याची एक सोपी कसोटी १९७९ नंतर पुढे आली. त्या वर्षीच्या ऑगस्टात इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट नावाची नौकाशर्यत चालू असता भयंकर वादळ झाले. ३०३ नौका निघाल्या होत्या. १५ खलाशी प्राणांस मुकले, २४ नौका माणसांनी सोडून दिल्या आणि त्यांपैकी ५ बुडाल्या. त्यानंतर अमेरिकेतील जाणकारांनी अभ्यास करून जी कसोटी सुचवली, ती आमच्या शब्दांत अशी: नौका जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याचा एक घन कल्पावा. नौकेची सर्वाधिक रुंदी त्या घनाच्या बाजूच्या दुपटीहून अधिक नसावी. आम्ही कला शाखेचे, तरी एवढे गणित आम्हांस जमते. विद्यार्थ्यांनी भिऊ नये.

सुहेलीचे वजन सुमारे १०.१६ मेट्रिक टन. समुद्राच्या १ घनमीटर पाण्याचे वजन १.०२५ टन. म्हणून सारलेले पाणी ९.९१ घनमीटर, त्याचे घनमूळ २.१५. नौकेची रुंदी ३.३८ मीटर. ३.३८ भागिले २.१५ म्हणजे १.५७. दोनच्या बरेच खाली, सुहेली उत्तीर्ण. आता एक काल्पनिक नौका घेऊ: रुंदी ३.६ मीटर, वजन फक्त ४ टन. पाणी ३.९ घनमीटर, घनमूळ १.५७, भागाकार २.२९. ही नौका खाडीत खुशाल फिरवावी. तिने महासागराचे नाव काढू नये.

परंतु या कसोटीस वजन किती हे समजते, ते कोठे आहे हे समजत नाही. तळाशी शिसे असलेली नौका आणि तेवढेच वजन माथ्यावर लादलेली नौका, दोघींनाही ती सारखेच गुण देते. म्हणून तिचा उपयोग नापास करण्यापुरता करावा, पास करण्यासाठी नव्हे. वजनाचा मध्य किती उंचीवर आहे हे शोधण्याची रीत निराळी, आणि ती फार मौजेची आहे. शांत पाण्यात नौका सैल बांधतात. आत एक लांब ओळंबा टांगतात. मग माहीत असलेले वजन तिच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलवतात व ओळंबा किती सरकला ते मोजतात. समजा, नौका १० टनांची आहे, १०० किलोचे वजन ३ मीटर हलवले आणि २ मीटर लांबीचा ओळंबा ६ सेंटिमीटर सरकला. ६ सेंटिमीटर भागिले २ मीटर म्हणजे ०.०३. वजन व अंतर यांचा गुणाकार ०.१ गुणिले ३, म्हणजे ०.३. नौकेचे वजन १० गुणिले ०.०३, हेही ०.३. भागाकार १ मीटर आला. नौकेचा गुरुत्वमध्य तिच्या डोलण्याच्या कल्पित टांगबिंदूपासून एवढा खाली आहे, असा त्याचा अर्थ. टांगबिंदू नकाशावरून काढता येतो, त्यामुळे गुरुत्वमध्याची खरी उंची मिळते. आणि तीवरून मोठ्या कलांचेही गणित मांडता येते. हा प्रयोग केल्याचा कागद नौकेबरोबर आहे काय, हे विकत घेणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारावे. रंग आणि पितळेची चकाकी मागाहून पाहता येईल.

आता दुसरा प्रश्न, पाण्याचा. सरळ होणारी नौका सरळ होईपर्यंत भरून गेली, तर वरील सर्व गणित फुकट गेले. दारे-खिडक्या पालथ्या स्थितीतही बंद राहतात काय? सुकाणूजवळ बसण्याची जी खोलगट जागा असते, ती लाटेने भरल्यावर तिचे पाणी झटपट वाहून जाते काय? आणि तळाच्या फळ्या? सुहेली अटलांटिक महासागरात असतानाच गळू लागली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः पाण्यात बुड्या मारून, फळ्यांच्या सांध्यावर कापडाची पट्टी व तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकून गळती थांबवली. पुढे त्यांचे आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले, तेव्हा केवळ शिडांचा तोल साधून त्यांनी नौका मार्गावर ठेवली. जी नौका तिच्यातील माणसास स्वतःच्या हातांनी दुरुस्त करता येते, ती इतर बाबतींत थोडी उणी असली तरी आमच्या मते अधिक विश्वासाची.

त्याच शर्यतीतील डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची कथा याच्या नेमकी उलट आहे. त्यांची नौका तीन तळांची. उलटल्यास डोलकाठीच्या टोकावरची हवेची पिशवी फुगून तिला सावरील, अशी त्यांची योजना होती. निघण्याच्या वेळी ती अपुरीच होती. झडपांतून पाणी येत होते. परंतु शर्यतीच्या नियमाप्रमाणे निघण्याची अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८ होती, आणि ते त्याच दिवशी निघाले. दक्षिणेच्या महासागरात ते गेलेच नाहीत. अटलांटिकमध्येच फिरत राहून खोटे ठिकाण कळवत राहिले. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका तरंगताना सापडली. आत कोणी नव्हते. नौका तयार आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी तारखेच्या हाती दिला होता. आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग पुन्हा एकदा वाचावा.

आपल्या देशात हा अभ्यास अलीकडे फार चांगल्या रीतीने झाला आणि त्याचा एक धागा खुद्द सुरतेस येऊन मिळतो. भारतीय माणसाने भारतीय नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना उचलून धरणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा जन्म १९२७ साली सुरतेत झाला. मुंबईची जहाजबांधणी ज्यांनी नावारूपास आणली ते लवजी नसरवानजी वाडिया हेही १७३६ साली सुरतेहूनच मुंबईस गेले होते. आवटी यांच्या कल्पनेस नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी होकार दिला, आणि गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौका बांधण्यात आली. नाव 'म्हादेई', मांडवीचेच हे वरच्या अंगाचे नाव. नकाशा डच, लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतूंचे आवरण, लांबी सुमारे ५६ फूट.

फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलाच्या हाती आली. परंतु दोंदे लागलीच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले नाहीत. प्रथम त्यांनी मॉरिशसपर्यंत सोबत्यांसह प्रवास केला आणि परतीची वाट एकट्याने काटली. नौका चांगली आहे हे कागदावर ठरले होते, ते पाण्यावर पडताळून पाहावयाचे होते. आणि नौकेइतकीच स्वतःचीही परीक्षा घ्यावयाची होती. सुहेलीनेही शर्यतीपूर्वी मुंबईहून आफ्रिकेमार्गे इंग्लंड गाठले होते, हे येथे आठवावे. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन असे चार मुक्काम घेऊन २२ मे २०१० रोजी परत आले. कोणास वाटेल, मुक्काम घेतले म्हणजे पराक्रम उणा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. प्रत्येक मुक्कामी दोर, तारा, सुकाणू तपासता आले, आणि त्यातूनच पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांना हीच नौका घेऊन कोठेही न थांबता प्रदक्षिणा करता आली. 'तारिणी' ही तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यात तयार झाली. तिच्यातून २०१७-१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर २०२४-२५ साली दोघींनीच. तारिणीची रुंदी ५ मीटर, वजन २३ टन. वरच्या कसोटीने तिचा भागाकार किती येतो, ते विद्यार्थ्यांनी काढावे. आमचे उत्तर १.७७ आले.

तिसरा प्रश्न माणसाचा. तो शिकवला टॉमी यांच्याच पुढील प्रवासाने. २०१८ साली सुहेलीच्या स्मरणार्थ जुन्या पद्धतीची शर्यत भरली. तीसाठी सुहेलीची प्रतिकृती 'थुरिया' गोव्यात बांधण्यात आली. तिचा घाट तोच, म्हणून गणितही जवळपास तेच. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने तिला उलटवले. नौका आपोआप सरळ झाली, तरंगतही राहिली. परंतु डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. ते जागेवरून हलू शकत नव्हते. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांस सोडवले. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या निराळ्या घाटाच्या नौकेचीही डोलकाठी गेली. थुरियाचा सांगाडा कसोटीस उतरला असेच म्हणावे लागेल. परंतु आतला माणूस उठू शकत नसेल तर सरळ झालेल्या नौकेचा त्याला काय उपयोग?

म्हणून नौकेची पाहणी करताना तिच्या आत उभे राहून ती मनातल्या मनात पालथी करून पाहावी. काय काय सुटून डोक्यावर पडेल? विजेच्या बॅटऱ्या, चूल, पायाखालच्या फळ्या, डबे, हत्यारांची पेटी. प्रत्येक वस्तू पट्ट्याने वा खिट्टीने जखडलेली हवी. माणसास निजतानाही बांधून घेता आले पाहिजे. फास्टनेटच्या वादळाने आणखी एक गोष्ट दाखवली: सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी १९ नंतर तरंगताना मिळाल्या, आणि रबरी तराफ्यांचा आसरा घेणाऱ्यांपैकी काही जण मात्र गेले. पायाखालची नौका खरोखर बुडू लागेपर्यंत तिला सोडू नये, हा धडा तेव्हापासून खलाशांस शिकवला जातो. टॉमी पुढे २०२२-२३ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

राहिला ऋतू. नौका जशीच्या तशी ठेवून केवळ महिना बदलला, तर तीच नौका सुरक्षित किंवा असुरक्षित ठरते. आमच्या कोंकणपट्टीतील नाखवे नारळी पौर्णिमेपूर्वी होडी पाण्यात लोटीत नाहीत. हे केवळ धर्मकृत्य नव्हे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा तो हिशेब आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईसमोर 'पी-३०५' हा अडीचशेहून अधिक माणसांचा प्रचंड तराफा बुडाला. दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न टोक ओलांडावयाचे तर तेथील उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत. सुहेलीने ते १७ जानेवारी १९६९ रोजी ओलांडले.

याचे अगदी ताजे उदाहरण 'कौंडिण्य' या नौकेचे आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पाचव्या शतकातील नौकेवरून ती पुन्हा घडवण्यात आली. फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांनी ती गोव्यात शिवली, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. चित्रावरून गुरुत्वमध्य कसा काढणार? जुना नकाशा कोणाकडेच नव्हता. म्हणून तिची लहान प्रतिकृती करून मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पाण्यात तपासण्यात आली. तिला चौकोनी शिडे आहेत आणि सुकाणूच्या जागी वल्ही. अशी नौका वाऱ्याविरुद्ध फारशी जाऊ शकत नाही. तिला वारा पाठीशी लागतो. तो वारा अरबी समुद्रात हिवाळ्यात ईशान्येकडून वाहतो. त्याची वाट पाहून ती डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ च्या मध्यास मस्कतला पोचली.